पोरींच्या खेळाचा एक तास

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त प्रभागसंघाच्या मेळाव्यात आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. अनेक गटांनी मागितलं म्हणून या अंकात देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं.)



मी माईक हातात घेतला की तुम्हाला वाटतं, आता ही परतफेडीचं विचारणार. ते मी पुढच्या बैठकीत विचारणारच आहे, वह्या पूर्ण करून ठेवा. आज मात्र मला एका खेळाडू मुलीबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव तुमच्यापैकी बहुतेकींनी ऐकलं आहे. स्मृती मानधना.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या देशाच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि संपायला रात्रीचे बारा वाजले. त्या आठवड्यात मी एका गावात बैठकीला गेले, तर बचतीची वही उघडायच्या आधीच बायका त्या सामन्याबद्दल बोलत होत्या. एका मावशीनं मला विचारलं, "ते खरंच बायायचं किरकेट होतं का जी मॅडम? एवढी गर्दी?" मावशीचा प्रश्न बरोबर होता. बायकांचा खेळ बघायला एवढी गर्दी जमते, हे आपण आजवर पाहिलेलंच नाही. ही गर्दी एका रात्रीत जमली नाही. ती कशी जमली, तेच आज सांगते.

सांगलीची पोरगी

स्मृतीचा जन्म १८ जुलै १९९६ चा, मुंबईचा. ती लहान असतानाच कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला राहायला आलं. वडील श्रीनिवास, आई स्मिता आणि मोठा भाऊ श्रवण. वडील आणि भाऊ दोघंही जिल्ह्याच्या पातळीवर क्रिकेट खेळलेले. भावाचा सराव असला की ही छोटी मुलगी सोबत जायची. भावाचं पाहून पाहून शिकली. एरवी उजव्या हातानं कामं करणारी ही मुलगी बॅट मात्र डावखुऱ्यासारखी धरते.

नऊ वर्षांची असताना ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील मुलींच्या संघात निवडली गेली. अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात. म्हणजे पाचवी-सहावीतली पोरगी कॉलेजच्या पोरींसोबत खेळत होती. २०१३ मध्ये सोळाव्या वर्षी ती भारताकडून पहिल्यांदा खेळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडोदऱ्याला, महाराष्ट्राकडून गुजरातच्या विरुद्ध, तिनं १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात दोनशेच्या वर धावा करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

पण हा रस्ता काही सरळ नव्हता. २०१७ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात खेळताना तिच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली. पाच महिन्यांनी इंग्लंडमध्ये विश्वचषक होता. ती तिथे पोहोचली. पहिल्या सामन्यात ९० धावा, दुसऱ्यात नाबाद १०६. सगळीकडे तिचं नाव झालं. आणि त्यानंतर? पुढच्या सामन्यांत तिच्या धावाच होईनात. अंतिम सामना लॉर्ड्सच्या मैदानावर होता. त्यात ती शून्यावर बाद झाली आणि भारत फक्त ९ धावांनी हरला.

२०२५ च्या विश्वचषकातही असंच झालं. आपण ओळीनं तीन सामने हरलो. इंदूरला इंग्लंडविरुद्ध स्मृती ८८ धावांवर बाद झाली, मग बाकीच्याही बाद होत गेल्या आणि सामना ४ धावांनी गेला. नंतर पत्रकारांसमोर तिनं स्वतःच सांगितलं, की पडझड माझ्यापासून सुरू झाली, जबाबदारी माझी. चारच दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध तिनं १०९ धावा काढल्या. तिच्यासोबत प्रतिका रावलनं १२२. त्या विजयामुळे आपण उपांत्य फेरीत गेलो. तिथे मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून अशक्य वाटणारा सामना काढून दिला. संपूर्ण स्पर्धेत स्मृतीच्या ४३४ धावा झाल्या. भारताकडून सगळ्यांत जास्त तिच्याच.

आता तिची लोकप्रियता बघा. तिच्या पाठीवरचा १८ नंबर घातलेली पोरं-पोरी मैदानात दिसतात. पोरीच काय, पोरंसुद्धा. जाहिरातीत ती, मोबाईलवर ती. या लोकप्रियतेची दुसरी बाजूही आहे. विश्वचषकानंतर महिनाभर लोक तिच्या धावांपेक्षा तिच्या लग्नाबद्दल जास्त बोलले. त्यावर मी इथे काही बोलणार नाही. तो तिचा विषय आहे. बाई कितीही मोठी झाली तरी लोक तिच्या घरात डोकावतात, एवढं तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आधीच्या बायांची वर्गणी

स्मृतीला आज जे मिळतं ते आधीच्या बायांना मिळत नव्हतं. हा भाग नीट ऐका, कारण तो आपल्या गटांसारखाच आहे.

आपल्या देशात महिलांच्या क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. पुरुषांचं क्रिकेट मंडळ वेगळं होतं, पैसेवालं होतं. त्याचा या बायांशी संबंध नव्हता. त्याच वर्षी पुण्यात राज्याराज्यांची पहिली स्पर्धा झाली. किती संघ आले? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. एवढ्यावर सुरुवात झाली. तीनच संघ आलेत म्हणून त्यांनी स्पर्धा रद्द केली नाही. आपलाही पहिला ग्रामसंघ असाच उभा राहिला होता ना? बैठकीला किती जणी होत्या ते जुन्या सदस्यांना आठवत असेल.

त्या काळच्या मुली आरक्षण नसलेल्या डब्यातून रेल्वेनं प्रवास करायच्या, अंगावर सामान घेऊन. एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपायच्या. संघटनेकडे पैसा नव्हता म्हणून वर्गणी, देणगी, ओळखीपाळखी यांवर सगळं चालायचं. तरी १९७६ मध्ये भारतीय महिला पहिली कसोटी मालिका खेळल्या आणि शांता रंगास्वामींच्या नेतृत्वाखाली पाटण्याला पहिला विजय मिळवला. मुंबईच्या डायना एडुलजी त्याच संघात होत्या. पुढे रेल्वेनं मुलींना खेळाडू म्हणून नोकऱ्या दिल्या आणि कित्येकींचं घर त्यावर चाललं.

आता आकडे सांगते, आपल्याला आकडे समजतात. २००५ मध्ये भारताचा महिला संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. कर्णधार मिताली राजनं नंतर सांगितलं, की त्या स्पर्धेत त्यांना एका सामन्याचे १,००० रुपये मिळाले. आठ सामन्यांचे आठ हजार. देशासाठी खेळून, जगात दुसरा नंबर मिळवून, आठ हजार!

२००६ मध्ये महिला क्रिकेट पुरुषांच्या मंडळात सामील झालं. २०१५ मध्ये पहिल्यांदा महिलांना वर्षाचा करार मिळाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळानं जाहीर केलं, की भारताकडून खेळताना सामन्याचं मानधन बाईला आणि पुरुषाला सारखंच मिळेल. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. २०२३ मध्ये महिलांची लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावात पहिलंच नाव स्मृतीचं पुकारलं. बोली लागली ३ कोटी ४० लाख, त्या दिवशीची सगळ्यांत मोठी. पुढच्या वर्षी तिच्या संघानं ती लीग जिंकली, कर्णधार तीच. आणि विश्वचषकानंतर क्रिकेट मंडळानं संघाला ५१ कोटी जाहीर केले, तर आपल्या राज्य सरकारनं स्मृती, जेमिमा आणि राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले.

एक हजारापासून इथपर्यंत यायला वीस वर्षं लागली. आणि पुण्याच्या त्या तीन संघांपासून मोजलं तर बावन्न वर्षं. ज्या बाया १९७३ मध्ये जमिनीवर झोपल्या त्यांना खेळत असताना कोटी तर सोडाच, लाखही मिळाले नाहीत. पण त्या खेळल्या नसत्या तर स्मृतीला खेळायला संघच नसता. पहिल्या दहा बायांनी दहा-दहा रुपये टाकले तेव्हा त्यांनाही आजचं बँक कर्ज दिसत नव्हतं. बचत अशीच असते. टाकणारी एक, उचलणारी दुसरी.

आता मला सांगा, तुमच्या गावात पुरुषाची रोजी आणि बाईची रोजी सारखी आहे का? (सभेतून "नाही" असा आवाज.) बरोबर. खेळाडूंनाही पन्नास वर्षांनी सारखी मिळाली, तीही त्यांनी मागितली, लोकांनी लावून धरली म्हणून. तेवढं डोक्यात ठेवा.

जपानच्या बायाही तशाच

तुम्हाला वाटेल, हे आपल्याकडेच असं आहे. नाही. जपान किती श्रीमंत देश. तिथे होमारे सावा नावाची फुटबॉल खेळाडू होती. १९९३ मध्ये पंधरा वर्षांची असताना ती जपानकडून पहिल्यांदा खेळली आणि त्या एकाच सामन्यात चार गोल केले. पण तिकडे पुढे मंदी आली, कंपन्यांनी महिलांच्या संघांना पैसे देणं बंद केलं, संघ बंद पडले. ती अमेरिकेत जाऊन खेळली, परत आली. तिच्या बरोबरीच्या कित्येक मुली दिवसा दुकानात, कंपनीत काम करायच्या आणि संध्याकाळी सराव करायच्या.

२०११ च्या मार्चमध्ये जपानमध्ये मोठा भूकंप आणि त्सुनामी झाली, हजारो माणसं गेली. चार महिन्यांनी जर्मनीत महिलांचा फुटबॉल विश्वचषक होता. अंतिम सामना बलाढ्य अमेरिकेशी. सामना हातातून जात होता, वेळ संपत आली होती, तेव्हा ११७ व्या मिनिटाला बत्तीस वर्षांच्या सावानं गोल करून बरोबरी साधली आणि जपान पेनल्टीत जिंकला. स्पर्धेत सगळ्यांत जास्त गोल तिचे, सर्वोत्तम खेळाडूही तीच. दुःखात बुडालेल्या देशानं त्या मुलींना डोक्यावर घेतलं.

पण गंमत ऐका. पुढच्या वर्षी लंडन ऑलिम्पिकला जाताना जगज्जेत्या मुलींना विमानात साध्या वर्गात बसवलं, आणि त्याच विमानात मुलांच्या संघाला महागड्या वर्गात. मुली रौप्यपदक जिंकून आल्या तेव्हा परतीच्या प्रवासात त्यांनाही चांगल्या वर्गाची तिकिटं मिळाली. सावा म्हणाली होती, की खरं तर हे उलट असायला हवं होतं. घरात पहिलं ताट कोणाला वाढतात, तीच गोष्ट झाली ही. विमानातही तेच, आपल्या घरातही तेच.

सगळ्याच स्मृती होत नाहीत

मी हे सगळं बोलत असते तेव्हा कोणीतरी म्हणतंच, "खेळून का पोट भरते? आमच्या पोरी काय स्मृती होणार?" हा प्रश्न योग्य आहे आणि मी त्याला खरं उत्तर देणार आहे. बहुतेक पोरी स्मृती होणार नाहीत. लाखात एखादी होते.

आणखी एक खरं सांगते. स्मृती गरिबीतून आलेली नाही. वडिलांचा व्यवसाय होता, घरात आधीच खेळ होता, भाऊ चेंडू टाकायला तयार होता. पोरीला सरावाला नेऊन आणणारं कोणीतरी होतं. आपल्या घरी वडील वावरात, आई वावरात, भाऊ पुण्याला कंपनीत. आपल्या पोरीला चेंडू कोण टाकणार?

पण आता राधा यादवचं बघा. तीही त्याच विश्वविजेत्या संघात होती. मुंबईत कांदिवलीला लहानशा घरात वाढली. वडिलांचा दूध-भाजीचा छोटा धंदा. ती मुलांसोबत क्रिकेट खेळत असताना प्रफुल्ल नाईक नावाच्या प्रशिक्षकांनी तिला पाहिलं आणि घरच्यांना समजावलं. घरात सोय नव्हती, ती बाहेरच्या माणसानं केली. स्मृतीला जे घरानं दिलं ते राधाला दुसऱ्यानं दिलं. म्हणजे कोणीतरी द्यावंच लागतं. आपल्या गावात ते कोणीतरी कोण? मला वाटतं, गट.

आणि आपल्या शेजारच्या अमरावतीची भारती फुलमाळी. तिचं नाव किती जणींनी ऐकलं? २०१९ मध्ये ती भारताकडून दोन सामने खेळली आणि संघाबाहेर गेली. तिनं बॅट ठेवून दिली नाही. विदर्भाकडून खेळत राहिली, वर्षामागून वर्षं. मार्च २०२५ मध्ये त्याच महिला लीगमध्ये गुजरातच्या संघाकडून खेळताना तिनं मुंबईविरुद्ध २५ चेंडूंत ६१ धावा केल्या. कित्येक वर्षं ना टीव्ही, ना गर्दी. तरी ती रोज मैदानावर जात होती. मला विचाराल तर आपल्या पोरींना स्मृतीइतकीच भारतीची गोष्ट सांगायला पाहिजे. यवतमाळहून अमरावती दोन-अडीच तासांवर आहे. एवढ्या जवळची मुलगी तिथे पोहोचते, हे पोरींना कळलं पाहिजे.

मग ज्या पोरी यातलं काहीच होणार नाहीत त्यांनी का खेळायचं? मी आठवीपर्यंत खो-खो खेळले. जिल्ह्यापर्यंतही कधी गेले नाही. पण पहिल्यांदा आईशिवाय एसटीत बसून तालुक्याला गेले ती खो-खोमुळे. पडले तर रडत न बसता उठायचं असतं, ते तिथे शिकले. "खो" मिळाला की विचार करत बसायचं नाही, उठायचं आणि पळायचं. आज मी चार लोकांसमोर उभी राहून बोलते, बँकेच्या साहेबांसमोर गटाची बाजू मांडते, त्यात त्या मैदानाचा वाटा आहे. मग पुढं माझं खेळणं थांबलं. का थांबलं ते कोणी सांगितलं नाही, मलाही कोणी विचारलं नाही. मोठी झाली म्हणून थांबलं, एवढंच.

आपल्या गावांत असंच होतं. सातवीपर्यंत पोरगी शाळेच्या मैदानावर धावते. आठवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाते. सकाळी एसटी, संध्याकाळी एसटी. आली की पाणी, भांडी, भाकरी. सुटीच्या दिवशी वेचणी. भाऊ त्याच वेळी बॅट घेऊन गावठाणावर. त्याला कोणी म्हणत नाही की तू मोठा झाला. पोरगी मोठी झाली की मैदान सुटतं, मग हळूहळू शाळा सुटते, मग पाहुणे येतात. हे तिन्ही एकापाठोपाठ येतं, तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. खेळणाऱ्या पोरीचं वय घरच्यांना लवकर दिसत नाही. तिच्या हातात पुढच्या महिन्याच्या स्पर्धेची तारीख असते. "एवढी स्पर्धा होऊ द्या" म्हणायला तिला एक कारण मिळतं. कधी कधी एका पोरीचं वर्ष वाचायला तेवढं कारण पुरतं.

आज सावित्रीबाईंची जयंती. १८४८ मध्ये पोरीनं शाळेत जाणं लोकांना चुकीचं वाटत होतं. आज कोणाला वाटत नाही. शाळेचा दरवाजा उघडला, मैदानाचा अजून अर्धाच उघडला आहे.

गटानं काय करायचं

नुसतं भाषण ऐकून घरी जाऊ नका. मी चार कामं सांगते. त्यातली दोन तर बिनपैशाची आहेत.

पहिलं. पुढच्या बैठकीत बचत, कर्ज, परतफेड झाली की एक प्रश्न घ्या. आपल्या गटातल्या घरांत दहा ते अठरा वर्षांच्या किती पोरी आहेत, त्यांतल्या किती खेळतात, आणि कोणाचं कधी थांबलं. नावासहित इतिवृत्तात लिहा. वहीत आलं की ते काम होतं, हे आपल्याला माहीत आहे.

दुसरं. गावातल्या मैदानावर पोरींसाठी एक तास ठरवून मागा. शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापकांकडे, गावठाण असेल तर ग्रामपंचायतीकडे. अर्ज ग्रामसंघाच्या लेटरहेडवर द्या, पोच घ्या. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते सहा. त्या तासाला पाळीपाळीनं दोन आया तिथे बसतील. पोरं हसतील, टोमणे मारतील. दोन आया बसल्या असल्या की पोरं चार दिवसांत गप्प होतात. आणि पोरींच्या वाट्याची भांडी तेवढा वेळ घरातलं दुसरं कोणी घासेल. भाऊ घासला तर हात झिजत नाहीत त्याचे.

तिसरं. शालेय स्पर्धा तालुक्याला होतात, मग जिल्ह्याला, मग विभागाला, मग राज्याला. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. पोरगी निवडली जाते आणि "सोबत कोण जाणार" यावर अडते. शिक्षक पुरुष असतील तर घरचे पाठवत नाहीत. अशा वेळी गटातली एक बाई सोबत जाईल. जाण्या-येण्याचं भाडं ग्रामसंघ देईल. ही गोष्ट ठराव करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पळापळ नको.

चौथं. अंतर्गत कर्जाबद्दल. शेळी घ्यायला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, बियाण्याला देतो. पोरीच्या बुटासाठी कोणी मागितलं तर आपण म्हणतो, त्यातून उत्पन्न काय? मी म्हणते, द्या. लहान रक्कम, तीन-चार हप्ते. ज्या गटाला परतफेडीची खात्री नाही त्यांनी सगळ्यांच्या मिळून एक फुटबॉल, एक खो-खोचा खांब किंवा दोन बॅटी घ्याव्यात. एकीची नसली की सगळ्यांची होते. खो-खो आणि कबड्डीला तर पैसेही लागत नाहीत. जागा आणि सवंगडी लागतात. दोन्ही आपल्या गावात आहेत.

शेवटचं एक सांगते. वार्षिक सभेत आपण संगीत खुर्ची खेळतो, लिंबू-चमचा खेळतो. या वेळी प्रत्येक ग्रामसंघानं खो-खोचा एक संघ आणायचा. पोरींचा एक आणि आयांचा एक. तुमच्यातल्या कित्येक जणी लग्नाआधी पळायच्या, मला माहीत आहे. साडी खोचून पळा. पोरींनी आईला पळताना पाहिलं पाहिजे. स्मृती भावाला पाहून शिकली. आपल्या पोरी तुम्हाला पाहून शिकतील.

तर पुढच्या महिन्याच्या अहवालात मी परतफेडीच्या खाली आणखी एक रकाना वाढवणार आहे. "खेळणाऱ्या मुली: किती." मोकळा ठेवू नका. तीन लिहिल्या तरी चालेल. पुण्यालासुद्धा तीनच संघ होते.

जय सावित्री.